दोन मीटरवाले दगडू नाना

दगडू नाना आधी गाडीकडे बघतच नसत, माणसाकडे बघत. बॉनेट उघडण्यापूर्वी मालकाकडून चावी मागून घ्यायची, ती आपल्या शर्टाच्या खिशात टाकायची, समोरच्या लोखंडी स्टुलाकडे बोट करायचं आणि म्हणायचं, "बस. हात मांडीवर ठेव." आपण गाडी दुरुस्तीला नाही, चोरीच्या गुन्ह्यात जबाब द्यायला आलोय असं वाटायचं. मग पहिला प्रश्न यायचा, "गाडीले आतेपावत कोनकोनना हात लागनात?"

आतापर्यंत या गाडीला कोणाकोणाचे हात लागले, ते सगळं सांगायचं. कुठल्या मेकॅनिकनं काय उघडलं, कुठल्या शहाण्यानं कुठली वायर जोडली. नाना डोळे बारीक करून ऐकत आणि मध्येच एखाद्या ठिकाणी "हं" करत. तो "हं" ऐकला की माणसाला आपण खोटं बोललो नसलो तरी बोलल्यासारखं वाटायचं.

धुळ्यात पारोळा रोडला त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. पाटी नव्हती. आत फळीवर बुद्धाची एक छोटी मूर्ती आणि तिच्या शेजारी दोन मीटर, एक पिवळा आणि एक काळा. बॅटरीचा दाब मोजायला बाकीच्या इलेक्ट्रिशियनांना एक मीटर पुरतो. नाना प्रत्येक ठिकाणी दोन्ही लावत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "माणूस खोटं बोलस, मीटर बी खोटं बोलस. पन दोन मीटर येकच खोटं नही बोलतस."

चहावाल्यानं चहा आणला तरी वास घेऊन मग पीत. नवी बॅटरी घ्यायला गेले की दुकानदाराच्या तोंडावर मोजून घेत. त्यांची बायको, माई, मला एकदा हसत हसत म्हणाली होती, "लगीनमा बी यासनी मनी हळद चोयीसन दखी, खरी शे का खोटी!" लग्नातली हळदही यांनी चोळून बघितली, असं तिचं म्हणणं. नाना शेजारीच बसले होते. ते हसले नाहीत. "चोयी ते काय व्हयनं? खरी निंघनी ना?" म्हणाले.

आता मी त्यांच्याकडे कशाला गेलो होतो, ते सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

माझ्याकडे एक जुनी पांढरी गाडी आहे, पंचवीस वर्षांची. माझी नोकरी सरकारी कचेरीतली. मध्ये एक वर्ष नंदुरबारला बदली झाली, तेव्हा गाडी दारात सडण्यापेक्षा वापरात राहील म्हणून मी ती पाचोऱ्याला माझ्या धाकट्या भावाकडे, सुभाषकडे दिली. वर्षानं ती परत आली ती बॅटरी उतरलेल्या अवस्थेत. धक्का मारून चालू करायची, बाजारात जायचं, परत निघताना पुन्हा धक्का. बॅटरी बदलली, तरी आठवड्यात तेच. शेवटी इथल्याच एका मेकॅनिकनं बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि सहज बोलून गेला, "साहेब, हा डायनामो तुमचा नाही वाटत. कोणीतरी बदललाय."

इंजिन चालू असताना वीज तयार करून बॅटरी भरत राहतो तो डायनामो. चांगला काढून कोणी मेलेला बसवला, तर बॅटरी उतरणारच. झालं! माझं डोकं मुळातच तापट. तिथूनच सुभाषला फोन लावला आणि सरळ म्हणालो, "डायनामो बदलला गेलाय. कोणाला विकलास माझा?"

मग सुभाष म्हणाला, "दादा, तुझ्या डायनामोवर मी माडी बांधणार होतो का?" आणि फोन ठेवला. त्यानंतर दोन वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. आई-बाप आधीच गेलेले, त्यामुळे मध्ये पडणारं कोणी नव्हतं.

मग माझ्या मुलीचं, रश्मीचं, लग्न ठरलं. पत्रिका छापायची वेळ आली. आमच्याकडे पत्रिकेत काका-काकूंची नावं नसली तर लोक लग्नात जेवणापेक्षा त्याचीच चर्चा जास्त करतात. मी नाव टाकू देईना. रश्मी म्हणाली, "काकाचं नाव नसेल तर माझंही टाकू नका. नुसतं मुलाचंच लग्न लावा." बायको तिच्या बाजूनं. छापखानेवाल्यानं चार दिवसांची मुदत दिली. तेव्हा मी ठरवलं, की एखाद्या जाणत्या माणसाकडून डायनामो बदलल्याचं लेखी घ्यायचं आणि घरात सगळ्यांच्या पुढ्यात टाकायचं, म्हणजे तोंडं बंद होतील. जाणता कोण म्हणून विचारलं, तर चार जणांनी एकच नाव सांगितलं.

पण माझा नानांवर तरी कुठे विश्वास होता? इलेक्ट्रिशियन म्हणजे चांगला माल काढून घेणारी जात, असं माझं पक्कं मत. म्हणून जायच्या आधी मी रश्मीची नेलपॉलिश घेतली आणि डायनामोवर, बॅटरीवर आणि दोन-तीन वायरींवर बारीक ठिपके दिले. कोणी काही बदललं तर कळावं.

नानांनी बॉनेट उघडलं आणि दोन मिनिटांतच डायनामोवर बोट ठेवलं. "हाई काय शे?"

मी पारोळा रोडकडे बघू लागलो.

"नखपॉलिश शे," ते स्वतःच म्हणाले. मग बॅटरीवरचा ठिपका शोधला, मग वायरींवरचे. सगळे सापडल्यावर कंबर सरळ केली. मला वाटलं आता हाकलून देणार. पण माझ्याकडे बघून त्यांनी मान डोलावली, आणि त्या मानेत मला चक्क आदर दिसला. "घरमा पोर शे का? रंग चांगला शे," एवढंच बोलले.

मी माझं काम सांगितलं. डायनामो बदललेला आहे, तसं कागदावर लिहून द्या, बास.

"मी काय तलाठी शे का लिखी देवाले?" नाना म्हणाले. "भांडन कोनासंगे शे?"

"भांडण नाही. भावानं बदललाय."

"तू दखं?"

"बघायला कशाला पाहिजे? दुसरं कोण बदलणार?"

"हं," नाना म्हणाले. "संशय फुकट शे भो. मोजाले मेहनत लागस."

आणि त्यांनी मोजायला सुरुवात केली. दोन्ही मीटर बॅटरीला लावले. इंजिन बंद असताना साडेबारा व्होल्ट. मग मला गाडी चालू करायला लावली. चालू गाडीत आकडा चढून चौदाच्या आसपास जायला हवा, कारण डायनामो बॅटरी भरत असतो. इथे तो बाराच्या आसपास रेंगाळत होता, खालीच सरकत होता. "बघा!" मी आतून ओरडलो. "मेलेला डायनामो आहे!"

"रेस दे," नाना म्हणाले. मी रेस दिली. "आजून दे." इंजिन गरजायला लागलं, आणि दोन्ही मीटरचे आकडे एकदम चौदावर गेले. रेस सोडली तरी तिथेच राहिले. नानांनी गाडी बंद करायला लावली, पुन्हा चालू करायला लावली. पुन्हा बारा. पुन्हा जोरात रेस, पुन्हा चौदा. असं तीन वेळा. दुसरा कोणी असता तर एकदाच बघून मोकळा झाला असता.

"डायनामो जिवंत शे," ते म्हणाले. "फक्त त्याले कोनी उठाडत नही."

मग खाली वाकून त्यांनी डायनामोवरचा चंदेरी रंग पान्याच्या टोकानं खरवडला. आत जुनं काळपट लोखंड निघालं. डायनामो ज्या कानानं इंजिनाला बांधलेला असतो, त्या कानावर वेल्डिंगचा एक ओबडधोबड गोळा होता. "हाई वेल्डिंग कोनी करं?"

मी गाडीतून उतरलो, जवळ जाऊन बघितलं आणि तो गोळा ओळखला. बारा-तेरा वर्षांपूर्वी शिरपूरच्या अलीकडे तो कान तडकला होता. तिथेच रस्त्याकडेच्या एका माणसाकडून मीच, समोर उभं राहून, वेल्डिंग करून घेतलं होतं. डायनामो माझाच होता. पहिल्यापासून तोच. कोणीतरी फक्त स्वच्छ करून त्याला रंग दिला होता, आणि त्या रंगाला तो मेकॅनिक फसला होता.

आता एखाद्या भल्या माणसानं इथे मान खाली घातली असती. मी काय म्हणालो असेन? "ठीक आहे, डायनामो नसेल बदलला. पण बॅटरी उतरते ना? म्हणजे सुभाषनं दुसरं काहीतरी केलंच असणार."

नानांनी हातातला पाना बॉनेटच्या कडेवर ठेवला. "तुले बिघाड सापडाले पाहिजे का चोर?"



ते गाडीत बसले, मला शेजारी बसवलं आणि चावी अर्धी फिरवली, म्हणजे इंजिन चालू न करता. मग बोटानं गाडीच्या स्वतःच्या मीटरच्या काचेवर, स्टेअरिंगपुढे, टकटक केलं. "आठे बॅटरीना लाल दिवा लागाले पाहिजे. कोठे शे?"

लाल दिवा नव्हता. त्या जागी एक निळा ठिपका मिणमिणत होता. नाना त्याच्याकडे बघत राहिले. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं. "हाऊ निळा कोना?"

"माझा," मी म्हणालो.

सुभाषला गाडी द्यायची म्हणून मी तिला सजवली होती. भावाच्या दारात आपली गाडी चकचकीत दिसावी, एवढाच हेतू. पॉलिश मारलं, नवी सीटकव्हरं घातली, आणि कोणीतरी सांगितलं म्हणून मीटरमधले सगळे जुने बल्ब काढून निळे एलईडी बसवून घेतले. रात्री विमानासारखं दिसायचं! हातांची यादी देताना मी नानांना पाच मेकॅनिकांची नावं सांगितली होती, सुभाषचं सांगितलं होतं, त्याच्या साल्याचं गॅरेज आहे म्हणून त्याचंही सांगितलं होतं. माझं स्वतःचं सांगायचं राहून गेलं होतं.

नानांनी मला समजावलं ते आजही पाठ आहे. हॅण्डपंप सुकलेला असला की वरून तांब्याभर पाणी ओतावं लागतं, तेव्हा तो खालचं पाणी ओढायला लागतो. या जुन्या डायनामोचंही तसंच. तांब्याभर करंट त्याला आधी द्यावा लागतो, आणि तो करंट जातो त्या लाल दिव्याच्या जुन्या बल्बातून. एलईडी दिसायला झकास, पण त्यातून जातो थेंबभर करंट. तेवढ्यानं डायनामो उठत नाही. हायवेला इंजिन जोरात फिरलं तर आपोआप उठतो, पण पाचोऱ्याच्या गल्लीत हळूहळू चालवणाऱ्याची बॅटरी उतरतच राहणार.

म्हणजे ज्या दिवशी मी सुभाषच्या हातात चावी दिली, त्या दिवशी बिघाडही दिला होता.

नानांनी एका डबीतून छोटासा जुना बल्ब काढला. तो बसवतील असं मला वाटलं. त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला. "आठे नही. भाऊना दारमा लाव. त्याले दखाडीसन लाव."

"मी फोन करून सांगतो ना त्याला."

"फोनवर तो इस्वास ठेवाव नही. आनि ठेवाले बी नको." मग खिशातली चावी काढून माझ्यापुढे धरली, आणि मी घ्यायला हात पुढे केल्यावर पुन्हा मागे घेतली. "मी बी येस. तू वाटमा गोष्ट बदली टाकशी."

हा माणूस मला फक्त आज सकाळपासून ओळखत होता! पण त्यानं बरोबर ओळखलं होतं. पारोळा येईपर्यंत माझ्या डोक्यात दुसरी गोष्ट तयार झाली होती: कोणा मेकॅनिकनं परस्पर एलईडी टाकले, आपल्याला काही माहीत नाही, झालं गेलं विसरून जाऊ. शेजारी नाना दोन्ही मीटर मांडीवर घेऊन बसले होते. भडगाव मागे पडलं तेव्हा त्यांनी विचारलं, "काय सांगशी, बोली दखाड." मी बोलून दाखवलं. "हं," ते म्हणाले. मी दुसऱ्यांदा बोलून दाखवलं, खरं.

सुभाष बनियनवर दारात आला. या बसा काही म्हणाला नाही. त्याच्या मागे उंबऱ्याच्या आत उषा उभी होती, त्याची बायको, डोक्यावरचा पदर पुढे ओढून. आमच्या घरात धाकट्याची बायको जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, समोर उभं राहून बोलत नाही. वीस वर्षांत ती माझ्याशी पाच-सहा वाक्यंच थेट बोलली असेल.

मी अंगणातच गाडीच्या मीटरचं पॅनल उघडलं. दोनदा स्क्रू पडला. नानांनी वाकून उचलून दिला, पण मदत केली नाही. मी सुभाषला आधी एलईडीवर गाडी चालू करून बाराचा आकडा दाखवला. मग बल्ब बसवला, चावी फिरवली, लाल दिवा लागला. गाडी चालू केली, दिवा विझला, आणि रेस न देता दोन्ही मीटर चौदावर. सुभाषनं सगळं बघितलं. मग मी म्हणालो, "एलईडी मी बसवले होते. तुला गाडी देण्याच्या आदल्या दिवशी. डायनामो कोणीच बदलला नव्हता. चुकलं माझं."

सुभाष खाली बसला, दाराच्या पायरीवर. मला वाटलं शिव्या देईल, द्यायला हव्या होत्या. तो म्हणाला, "तू म्हणालास बदलला, म्हणजे बदललाच असणार असं मला वाटलं. दादा खोटं बोलणार नाही. मी तर बदलला नव्हता. मग उघडला कोणी होता? शालिकनं."

शालिक म्हणजे उषाचा भाऊ. त्याचं भडगावला गॅरेज आहे. बॅटरी सारखी उतरते म्हणून त्यानंच डायनामो उघडून साफ केला होता आणि जावयाची गाडी म्हणून हौसेनं चंदेरी रंग दिला होता. माझ्या फोननंतर सुभाषनं भडगावला जाऊन, त्याच्या गिऱ्हाइकांसमोर, त्याला चोर म्हटलं होतं. तेव्हापासून त्या घराशी संबंध तोडले होते.

मी काही बोलायच्या आत उषा उंबरा ओलांडून बाहेर आली. पदर तसाच, पण माझ्याकडे सरळ बघून बोलली. "दादा, माझ्या दोन आखाज्या गेल्या."

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, लेक माहेरी जाते म्हणजे जातेच. दिवाळी चुकली तर एक वेळ चालेल. झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, म्हाताऱ्या होईपर्यंत बायका त्या चार दिवसांची वाट बघतात. उषाची आई विधवा, थकलेली. दोन वर्षं लेक पाच कोसांवर असून आली नाही, आणि का आली नाही ते तिला धड सांगणारही कोणी नाही. माझ्या एका फोननं! मला तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

नानांनी मीटरच्या वायरी गुंडाळल्या. "अक्का, भाऊ गॅरेजमा व्हई का आते?"

उषानं मान हलवली.

"भडगाव ते आमना वाटवरच शे," नाना म्हणाले. "बठ्ठा बसा गाडीमा." आम्ही सगळे बसलो.

पत्रिकेत काका-काकूंचं नाव आलं, सगळ्यात वर. नाना लग्नाला आले होते. अर्धा वेळ ते मांडवात नव्हतेच. जनरेटरपाशी उभं राहून तिथल्या माणसाची उलटतपासणी घेत होते. गेल्या पावसाळ्यात ते गेले. छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात नेलं, तर तिथेही डॉक्टरांना म्हणाले म्हणे, की अजून एका मशीनवर बघा. माई हे सांगताना रडत होती आणि हसतही होती. मी संशयी माणूस म्हणून जन्मलो आणि तसाच मरणार, पण नाना भेटल्यापासून कोणावर आरोप करण्याआधी निदान एक दिवस थांबतो. कधी कधी दोन.

त्या दिवशीचं भडगाव मात्र डोळ्यांपुढून जात नाही. शालिकपुढे उभं राहून मी सगळं पुन्हा एकदा बोललो, त्याच्या गिऱ्हाइकांसमोर, कारण नानांनी मला आत जाऊच दिलं नाही. "भाईर बोल," म्हणाले. शालिक हात पुसत ऐकत राहिला. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, सुभाषकडेही नाही. गाडीत बसलेल्या बहिणीकडे बघून एवढंच म्हणाला, "माय घरमा शे. जाय."

गॅरेजच्या मागेच घर. म्हातारी ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. लेकीला बघून तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं. माघाचे दिवस होते. तिनं बोटांवर महिने मोजले आणि गोंधळून विचारलं, "आखाजीले आजून तीन महिना शेतस. आज कशी काय उनी व बाई?"

उषा तिच्याशेजारी खाली बसली आणि सुपातल्या शेंगा हातात घेतल्या.

"दोन ऱ्हाई गयात ना माय," ती म्हणाली. "त्या आज करूत."